टीव्ही ट्यूनर, विनॅम्प आणि हॉलमधला पीसी: तुमच्या घरच्या आठवणी लिहा

पवननगरची
काल दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावर टीव्ही ट्यूनरचा, म्हणजे कम्प्युटरच्या मॉनिटरवर टीव्ही दाखवणारा, खोका सापडला. सोबत रिमोट, आतले सेल पाझरून पांढरे पडलेले. हातात घेतला आणि नाशिकच्या सिडकोतलं जुनं घर उभं राहिलं.

२००४ मध्ये टीव्ही बिघडला आणि त्याच वर्षी मला डिप्लोमासाठी पीसी हवा होता. दोन्ही खर्च झेपणारे नव्हते. बाबांनी पेंटियम ४ घेतला, २५६ एमबी रॅम, ४० जीबी हार्ड डिस्क, आणि एम. जी. रोडवरून हा ट्यूनर आणला. केबलची वायर यात, यातून मॉनिटरला. सीपीयू बंद असला तरी टीव्ही दिसायचा, म्हणून आई एकटी असली तरी तिचं अडायचं नाही. मी सी-चा प्रोग्रॅम टाइप करायचे आणि कोपऱ्यातल्या चौकोनात मॅच चालू!

२४ सप्टेंबर २००७ ची टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची भारत-पाकिस्तान फायनल आम्ही नऊ जणांनी त्या १७ इंची मॉनिटरवर पाहिली. मिसबाहचा चेंडू हवेत गेला तेव्हा बाबा खुर्ची सोडून उभे होते. श्रीसंतने झेल घेतला आणि त्यांनी मला उचललंच.

बाबा आता नाहीत. खोका टाकवत नाहीये.

सातपूरकर
ताई, वाचून गलबलून आलं. नका टाकू.
आमच्याकडे भारनियमन. लाइट गेली की यूपीएस कोकलायला लागायचा, दहा मिनिटांत सगळं बंद करायचं. पिक्चर नेमका शेवटाला आलेला असायचा.

गोदाकाठ
व्हीसीडीचे दोन भाग असायचे ना, मध्ये उठून सीडी बदलायची. दुसरी अडकली की बनियनने पुसायची, मधून कडेकडे. गोल पुसली की वाट लागायची.

आजीचा नातू
आजीसाठी विनॅम्पमध्ये, म्हणजे पीसीवर गाणी लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, हरिपाठ आणि अभंगांची यादी करून दिली होती. माउस तिला जमेना. पण विनॅम्पला एक्स दाबलं की सुरू, व्ही दाबलं की बंद. मग तिच्याच पाकिटातल्या टिकल्या लावल्या, एक्सवर हिरवी, व्हीवर लाल. पहाटे पाचला अंघोळ करून ओल्या हाताने हिरवी दाबायची. त्या दोन बटणांवर हळदीचे डाग कायमचे राहिले. मोठ्या हौसेने शेजारणींना बोलावून दाखवायची.

सातपूरकर
वा! टिकल्यांची आयडिया भारीच.

नाशिकरोडवाली
कुकर लावलाय, पटकन लिहिते. एका सीडीत सव्वाशे-दीडशे एमपीथ्री मावायची, कॅसेटमध्ये दहा-बारा गाणी. त्या आनंदाची आजच्या मुलांना कल्पना नाही.
@पवननगरची, त्रिमूर्ती चौकाच्या बाजूला होतात का? माझी मावशी तिथेच.

पवननगरची
हो, चालत पाच मिनिटं!

हार्डवेअरवाला
ट्यूनर अजून चालेल. २०१३ मध्ये नाशिकची केबल डिजिटल झाली, त्यामुळे अँटेनाच्या पिनेत काही येणार नाही. पण सेट टॉप बॉक्सच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना त्याच्या एव्ही इनपुटला लावा. आवाजाची हिरवी पिन स्पीकरला. रिमोटचे पत्रे व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा, कोरडे झाल्यावर नवे सेल.
माझा २०१० चा पीसी अजून हॉलमध्ये टीव्हीला जोडलेला आहे, कोडी (Kodi) हे व्हिडिओ-गाणी लावायचं सॉफ्टवेअर टाकून. आईबाबांच्या लग्नाची कॅसेट डिजिटल करून त्यातच ठेवलीय.

नाशिकरोडवाली
कॅसेट कुठे करून घेतलीत? आमची माळ्यावर सडतेय. सांगा प्लीज.

पवननगरची
@हार्डवेअरवाला, रिमोट पुसला. लाल दिवा लागला! मॉनिटर मामांकडे आहे, रविवारी आणायला जाते. आईला अजून सांगितलं नाही.