ज्येष्ठांचं पडणं टाळणं हे फॅमिली डॉक्टरचं काम आहे का?

उंबरठा: आहे, आणि ते त्याच्यावाचून कुणी करूच शकत नाही. हृदयाचा डॉक्टर एक गोळी लिहितो, प्रोस्टेटसाठी दुसरा टॅमसुलोसिन देतो, झोपेसाठी तिसऱ्याचं क्लोनाझेपाम. गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या एकत्र बघणार कोण? अशा गोळ्या एकत्र घेऊन रात्री लघवीला उठलं की रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि खुबा मोडतो. पेशंटला पाच मिनिटं आडवं ठेवून रक्तदाब घ्या, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने घसरला, तर गोळ्यांची यादी तपासायलाच हवी. नुसतं बसवून मोजलं तर हे हाती लागत नाही.

नाडी: पटत नाही. गर्दीच्या दवाखान्यात एका पेशंटमागे दहा मिनिटं कुठून आणायची? शिवाय 2020 मध्ये अमेरिकेतल्या 86 दवाखान्यांतल्या 'स्ट्राइड' चाचणीत नर्सनी प्रत्येकाची जोखीम तपासून आराखडे दिले, तरी गंभीर इजा लक्षणीय घटल्या नाहीत. त्याच वर्षीच्या ब्रिटनच्या 'प्रीफिट'मध्येही फ्रॅक्चर कमी झाले नाहीत. घरातलं ओलं बाथरूम डॉक्टर पुसणार आहे का?

उंबरठा: 'स्ट्राइड'मध्ये तुलनेसाठी ठेवलेल्या दुसऱ्या गटाच्या डॉक्टरांनाही तपासणीचे निकाल कळवले होते आणि पेशंटना त्यांच्याशी बोलायला सांगितलं होतं. म्हणजे तुलना 'काहीच न करण्याशी' नव्हती.

काठी: दोघंही व्यायाम विसरलात. पडणं सुमारे 23 टक्क्यांनी कमी होतं ते तोल आणि पायांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामाने. नुसत्या फेरफटक्यावर विसंबू नका. हात न टेकता खुर्चीतून उठबस, ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पावलापुढे दुसरं जोडून उभं राहणं. बंद केलं की फायदाही ओसरतो. डॉक्टरने हे चिठ्ठीवर लिहावं, औषधासारखं, आठवड्यातून किती वेळा तेही. त्याऐवजी बऱ्याचदा 'ड' जीवनसत्त्वाची पाकिटं हातात पडतात. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदा 5 लाख युनिट दिले, तेव्हा पडणं उलट वाढलं!

नाडी: व्यायामाचं मान्य. पण गोळ्यांची छाननी घाईत झाली तर धोका आहे. क्लोनाझेपाम एकदम तोडलं की झोप उडते, थरथर सुटते, क्वचित झटकेही येतात. दर दोन आठवड्यांनी साधारण चौथाई कमी करत जायचं, म्हणजे पेशंटला किमान चार-पाच वेळा बोलवायचं. ती फी कोण देणार, ते आधी ठरवा.