प्राइमला 'मूळ संख्या' सोडून दुसरा शब्द आहे का?

निशिगंध :
सामान्य वाचकांसाठी संख्यांवरचा एक मोठा लेख मराठीत करतेय. अनंत, सीमा वगैरे भारी वाटणारी प्रकरणं पार पडली आणि अडले कुठे तर प्राइम नंबरपाशी. शाळेत मूळ संख्या (फक्त स्वतःने आणि १ ने भाग जाते ती) असंच शिकलोय आपण सगळे, त्यात वाद नाही. पण लेखात वाक्य येतं, 'कुठल्याही मूळ संख्येचं वर्गमूळ अपरिमेय असतं'. एकाच वाक्यात दोनदा मूळ, तेही एकवेळ चालवून घेईन. पण पुढच्याच परिच्छेदात कोडं आहे : मनात एक संख्या धरा, दुप्पट करा, १० मिळवा, निम्मे करा, आता त्यातून मूळ संख्या वजा करा, उत्तर ५. इथे मूळ म्हणजे आधी धरलेली. कच्चा मसुदा ज्यांना वाचायला दिला त्यातल्या एकांनी सरळ विचारलं की मग सुरुवातीला २, ३, ५, ७ यातलीच एखादी धरायची का! शिवाय समीकरणाची मुळं पुढे आहेतच. प्राइमला अविभाज्य लिहू का? हिंदीत अभाज्य म्हणतात तसं? कोणी मराठीत आणखी काही वाचलंय का?

काटकोन :
मूळ संख्येला हात लावू नका. कोड्यात 'धरलेली संख्या' लिहा, समीकरणाला 'उकली' लिहा, झालं काम. या शब्दाचं मोठं गोत आहे हो. मूळ अवयव पाडा, सहमूळ संख्या (१ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या), जोडमूळ संख्या (दोनाच्या अंतरावरच्या मूळ संख्या), हे सगळं त्यावरच उभं आहे. प्राइमला अविभाज्य केलं तर जोडमूळचं काय करणार, जोडअविभाज्य? ११ आणि १३ ही जोडमूळ जोडी आहे हे ऐकताक्षणी कळतं. मूळ याचा अर्थही चपखल आहे, बाकीच्या संख्या गुणाकाराने या मुळांपासून तयार होतात. ६० म्हणजे २ × २ × ३ × ५, याच्या पुढे मोडता येत नाही.

उंबरठा :
गोताचं समजलं पण ज्याने शाळा सोडून जमाना झाला त्याला मूळ संख्या म्हटल्यावर काय कळतं? काहीच नाही. 'ओरिजिनल' एवढंच डोक्यात येतं. अविभाज्य म्हटलं की निदान भाग जात नाही एवढं तरी पोचतं. शब्दाने थोडं काम स्वतः करायला हवं ना, सगळं व्याख्येवरच कशाला टाकायचं. माझं मत निशिगंध यांच्या बाजूने.

पाटीपेन्सिल :
अविभाज्यने गोंधळ दुप्पट होईल. मराठीत विभाज्य म्हणजे काय ते लसाविला विचारा. लघुतम सामाईक विभाज्य. म्हणजे १२ हा ३ चा विभाज्य, ३ हा १२ चा विभाजक. मग ७ अविभाज्य कसा? तो ७ चा विभाज्य आहे, १ चाही आहे. शाळेतल्या मराठीत हा शब्द आधीच दुसऱ्या कामाला लागलाय, त्याला तिथून उठवून इकडे आणायचं म्हणजे लसावि कोसळला. आणि दशांशात ७ ला २ ने भागून ३.५ येतंच की, तिथे नेमकं काय अविभाज्य राहिलं?
(लसाविवरून आठवलं, आमच्या घरात वडील 'साधारण' म्हणायचे आणि आम्ही 'सामाईक' शिकलो, दोन्हीत सा आहे म्हणून लसावि तसाच टिकला. फार आवडतो मला हा शब्द.)

सांजवारा :
सरळ प्राइम लिहा की. पोरं प्राइम नंबरच म्हणतात, मराठी माध्यमातली सुद्धा. ऑनलाइन व्यवहार सुरक्षित ठेवायला दोन प्रचंड मोठ्या प्राइम्सचा गुणाकार वापरतात हे ज्यांना वाचायचंय त्यांना मूळ संख्या म्हणजे प्राइम असं कंसात सांगावंच लागणार आहे, मग कंसातला शब्दच बाहेर घ्या. टेबल, बस, बँक चालतं आणि प्राइम का नाही?

काटकोन :
टेबल ही वस्तू आहे, प्राइम ही कल्पना आहे. वस्तू नावासकट येते, कल्पना आपल्या भाषेत समजून घ्यावी लागते. आणि प्राइम इंग्रजी वाचकाला तरी कुठे आपोआप कळतो? ग्रीकात या संख्यांना 'पहिल्या' संख्या म्हणत, प्रोटोस, त्याचं लॅटिन प्रिमुस, त्यावरून प्राइम. पहिल्या म्हणजे कुठल्या हे त्यांच्या मुलांनाही शिकावंच लागतं. तिथे पहिली चालते तर इथे मूळ का नाही? माझ्या मते मूळ हा त्याहून सरस शब्द आहे.

जुनीपोथी :
आपल्या परंपरेत शब्द असताना हा वाद कशाला? 'दृढ'. भास्कराचार्यांच्या लीलावतीत कुट्टकाच्या (पूर्णांकात उत्तर शोधायच्या समीकरणांच्या) प्रकरणात दृढ भाज्य, दृढ भाजक असे शब्द येतात. दृढ संख्या, किती सुंदर आणि अर्थवाही. फुटत नाही ती दृढ. मूळचा गोंधळही संपतो.

पाटीपेन्सिल :
सुंदर आहे पण अर्थ तो नाही. तिथे दृढ म्हणजे सामाईक विभाजक काढून टाकल्यावर उरलेल्या संख्या. त्यांचंच उदाहरण घ्या, २२१ आणि १९५, त्यांना १३ ने भाग जातो, राहतात १७ आणि १५, हे दृढ. आता १५ काही मूळ संख्या नाही, ३ × ५ आहे ती. म्हणजे दृढ हा दोन संख्यांच्या नात्याचा गुण झाला, एकट्या संख्येचा नाही. आज आपण ज्याला सहमूळ म्हणतो त्याच्या जवळचा. ८ आणि ९ बघा, दोन्ही मूळ नाहीत तरी एकमेकांशी सहमूळ आहेत. शब्द जुना आहे म्हणून त्याला हव्या त्या अर्थाने वापरता येत नाही.

जुनीपोथी :
अर्थविस्तार होतोच शब्दांचा. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, तिची जीवा झाली, अरबीत गेली, तिथून लॅटिनात सायनस आणि मग साइन. त्रिज्या म्हणजे तरी काय, तीन राशींची ज्या, म्हणजे ९० अंशांची. आज वर्तुळाची त्रिज्या म्हणताना राशी कोणाच्या मनात असतात? तसाच दृढचा अर्थ पुढे नेता येईल.

उंबरठा :
त्रिज्येचं हे माहीत नव्हतं, झकास. पण तो अर्थ वापरातून सरकला, कोणी ठरवून सरकवला नाही.

मोजपट्टी :
मी मूळ सोडून दुसऱ्या शब्दावर आक्षेप घेतो, अपरिमेय. निशिगंध यांच्या वाक्यात खरा अडथळा तो आहे. परिमेय म्हणजे मोजता येण्याजोगं, मग अपरिमेय म्हणजे न मोजता येणारं. आता १ बाजूचा चौरस काढा, त्याचा कर्ण म्हणजे २ चं वर्गमूळ, समोर कागदावर दिसतोय, पट्टी लावता येते. मोजता कसा येत नाही? सामान्य वाचक इथेच हरवतो.

पाटीपेन्सिल :
पट्टीने जे येतं ते जवळपासचं. प्रश्न असा आहे की एखादं इवलंसं माप घेऊन बाजू आणि कर्ण दोन्ही पुरेपूर भरतील का, बाजूत ते इतक्या वेळा, कर्णात तितक्या वेळा, काही न उरता. कितीही बारीक माप घेतलं तरी दोन्ही एकदम भरत नाहीत. त्या अर्थाने अपरिमेय, म्हणजे अपूर्णांकात न मांडता येणारा. आणि त्याचं कारण मूळ अवयवांत आहे म्हणून तर निशिगंध यांच्या लेखात ते वाक्य आलंय. कुठल्याही वर्गसंख्येचे मूळ अवयव पाडा, प्रत्येक अवयव सम वेळा येतो, ३६ म्हणजे २ दोनदा आणि ३ दोनदा. आता समजा ७ चं वर्गमूळ एका अपूर्णांकाइतकं आहे, तर अंशाचा वर्ग बरोबर ७ गुणिले छेदाचा वर्ग. डावीकडे ७ सम वेळा, उजवीकडे वर्गातले सम आणि वर एक, म्हणजे विषम वेळा. एकाच संख्येत दोन्ही होणं अशक्य. संपलं. मूळ अवयव हा शब्द काढून हे सांगून बघा.

सांजवारा :
प्राइम फॅक्टर म्हणून सांगता येतं की सगळं जसंच्या तसं.

निशिगंध :
हे वाक्याचं स्पष्टीकरण मी लेखात घेणार. पण एकच विचारते, १ मूळ आहे की नाही हे कसं मांडू? 'स्वतःने आणि १ ने भाग जातो ती' ही शाळेतली व्याख्या १ लाही लागू पडते.

काटकोन :
'बरोबर दोन विभाजक असलेली' असं लिहा, १ आपोआप गळतो. पूर्वी त्याला मूळ धरणारेही होते, १७४२ साली गोल्डबाख या गणितज्ञाने ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात १ मूळ धरलाय. पण मग १२ चे मूळ अवयव २ × २ × ३ की १ × २ × २ × ३ की १ × १ × २ × २ × ३, याला अंतच नाही. अवयव एकाच प्रकारे पडले पाहिजेत म्हणून १ बाहेर.

मोजपट्टी :
अपरिमेयवरून पुढचं. २ च्या वर्गमुळासारख्यांना शाळेत 'करणी' म्हणतात. करणी! करणी करणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे, वर्गात हशा पिकतो. मला वाटतं तो कर्णावरून आला असावा, चौरसाचा कर्ण तो करणी. आणि इंग्रजीतला सर्ड लॅटिनमधल्या बहिऱ्यावरून आलाय. कर्ण म्हणजे कान, सर्ड म्हणजे बहिरा. हा योगायोग नसणार, इथूनच गेलेला असणार.

जुनीपोथी :
योगायोगच. सर्डची वाट वेगळी आहे, ग्रीकात अशा राशींना अलोगोस म्हणत, गुणोत्तर नसलेली किंवा बोलून न दाखवता येणारी, अरबीत त्याचं बहिरी झालं आणि लॅटिनात तेच शब्दशः गेलं. करणी मात्र शुल्बसूत्रांतली, म्हणजे यज्ञवेदी मापून बांधायच्या जुन्या ग्रंथांतली, कृ धातूवरून, चौरस 'करणारी' दोरी म्हणजे त्याची बाजू. दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस करणारी ती द्विकरणी, तिप्पट करणारी त्रिकरणी. द्विकरणी म्हणजे थेट २ चं वर्गमूळ. शुल्बसूत्रकार बौधायनाची रीत अशी : मापात त्याचा तिसरा भाग मिळवा, मग त्या तिसऱ्याचा चौथा भाग मिळवा आणि त्या चौथ्याचा चौतिसावा भाग काढून टाका. येतं ५७७ भागिले ४०८, म्हणजे १.४१४२१५७, खरी किंमत १.४१४२१३६.

पाटीपेन्सिल :
यात जरा आत शिरून बघा. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९ आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. फक्त एकाचा फरक! आणि तो एक कधीच मिटणार नाही, कारण ३,३२,९२८ मध्ये २ हा अवयव सात वेळा आहे, विषम, तो वर्ग होऊच शकत नाही.

मोजपट्टी :
दोरीचं पटलं, पण मग करणी फक्त वर्गमुळालाच शोभते. २ चं घनमूळही करणीच म्हणून शिकवतात, त्याने कुठला चौरस होतो? तिथे वेगळा शब्द हवा.

जुनीपोथी :
घनकरणी म्हणा.

उंबरठा :
नको हो, आधीच करणीवर हसतात.