मदत हवी आहे: ऑर्डर भरपूर, पण हातात पैसा राहिना

नमस्कार मंडळी, बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे, दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं), पाच पोरं कामाला. कास्टिंग (फाउंड्रीत ओतलेले कच्चे भाग) विकत घेऊन पंपाचे पार्ट करून कोल्हापूरकडं पाठवतो. काम दाबून आहे, पण पार्टी पेमेंट ९० दिवसांनी सोडते आणि फाउंड्रीवाला मात्र ३० दिवस झाले की दारात उभा.

मागच्या महिन्यात ४ लाखाचं बिल केलं, माल महाराष्ट्रात जातो, बॉर्डर ओलांडली की १८ टक्के आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी) म्हणजे ७२ हजार, कास्टिंग घेताना भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट वजा जाऊन पण ३५ हजार खिशातनं भरले २० तारखेच्या आत, आणि ते बिल अजून पास व्हायचंय! पगारासाठी बायकोची भिशी उचलली, आता घरात तोंड दाखवायची सोय नाही बघा.

आमचं उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) आहे. सीए म्हणतात ४५ दिवसांच्या आत पैसे दिले नाहीत तर आयकराच्या नियमानुसार पार्टीला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी वजा मिळतो. पण हे मोठ्या गिऱ्हाइकाला सांगायचं कसं, उद्या ऑर्डरच बंद केली तर?

ट्रेड्सवर (बिलाचे पैसे थोडी कपात करून आधी मिळतात ती ऑनलाइन सोय) बिल डिस्काउंट कुणी केलंय काय? पार्टी तिथं बिल मान्य करायला तयार होते काय, का सरळ बँकेत सीसी (कॅश क्रेडिट) कर्जाचं लिमिट वाढवून घेऊ? आणि घरखर्च, धंदा एकाच खात्यातनं चाललाय, ते वेगळं करताना स्वतःला पगार किती धरता? अनुभव असलेल्यांनी सांगा की जरा.