एलिमेंटरीचा तो एका दिवसाचा भाग... तुमच्या घरी असं कोणी मोजलंय का?

रानजाई
काल रात्री कपड्यांच्या घड्या घालता घालता 'एलिमेंटरी' लावलं होतं, आजच्या न्यूयॉर्कमधल्या शेरलॉक होम्सची अमेरिकन सिरियल, पहिल्या सीझनचा २० वा भाग, डेड मॅन्स स्विच. २०१३ चा आहे, मी आत्ता बघतेय. ब्लॅकमेलरची केस अर्धीच कळली कारण मधे दोनदा उठले, पण शेवट... शेरलॉकला हेरॉइन सोडून वर्ष होतंय, त्याचा स्पॉन्सर, म्हणजे व्यसन सोडलेल्यांच्या गटातला त्याला आधार देणारा, अल्फ्रेडो, वर्ष झालं की गटात देतात ते नाणं घे म्हणतोय आणि हा नुसता टाळतोय. मला वाटलं तुसडाच आहे, याला कौतुक नको असेल. तर शेवटी वॉटसनला (इथे ती बाई आहे) सांगतो की तारीखच चुकीची आहे, मधे एकदा घेतलं होतं, खरं वर्ष एक दिवस उशिरा भरतंय. एक दिवस! मी बनियन हातात धरून तशीच बसले.

आमचे बाबा डेपोत मेकॅनिक. दारू सोडली तेव्हा मी नववीत. स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय, त्यावर आईच्या दुधाच्या खाड्यांच्या फुल्या आणि प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात बाबांचा आकडा, रोज झोपायच्या आधी निळ्या पेनने. ४१, ४२, ४३. नोव्हेंबरात ८७ लिहिलं, दुसऱ्या दिवशी कोपरा रिकामा आणि तिसऱ्या दिवशी १. आईने भाकरी थापता थापता बघितलं आणि परत थापायला लागली. कोणी एक शब्द बोललं नाही. ८८ लिहिलं असतं तर आम्हाला कळणार पण नव्हतं, आम्ही झोपलो होतो ते आले तेव्हा. पण त्यांनी १ लिहिला. त्याच्यानंतर बाबा १९ वर्षं होते आणि परत कधी १ लिहावा लागला नाही.

तुमच्याकडे असं कोणी मोजलंय का? लिहा. नाव कुणाचं नको.

भाजीत_मीठ
मी वेगळंच लिहायला आले होते, आता डोळे पुसतेय. दुधाचे खाडे आणि तो आकडा शेजारी शेजारी. संध्याकाळी येते परत, मुलाची रिक्षा यायची वेळ झाली

सातारी_माणूस
मी स्वतः. गर्दवाला, म्हणजे ब्राउन शुगर. १४ वर्षं झाली. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात होतो येरवड्याला. टर्की, म्हणजे गर्द बंद केल्यावरचा त्रास, ज्याने काढलीय त्यालाच माहीत, हाडं कोणी पिळून काढतंय असं वाटतं, नाकडोळे गळतात, रात्रभर पाय झाडायचे.

शेरलॉक तारीख का लपवत होता ते मला पहिल्या दहा मिनिटात कळलं. आमच्या व्यसन सोडलेल्यांच्या मिटिंगला वर्ष झालं की वाढदिवस म्हणतात. माझ्या पहिल्या वाढदिवसाला टाळ्या वाजल्या, आई रडली, आणि मधे भाऊबीजेला मी एकदा ओढलं होतं हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. बहिणीला ओवाळणी घालायला आईने दिलेले पैसे त्यात गेले. कोणी पकडलं असतं तर वाचलो असतो. नाही पकडलं. मग डोक्यात बसतं की एकदा घेतलं तर कुठे काय झालं, आणि आठ महिन्यांत मी होतो तिथे परत. नंतर जी तारीख धरली ती खरी आहे, त्याची ही १४.

ताई तुमच्या वडिलांनी १ लिहिला ना, त्याला काय लागतं ते मी सांगू शकत नाही.

रानजाई
दादा, बहिणीला सांगितलंत नंतर?

सातारी_माणूस
हो. मिटिंगच्या बारा स्टेप्समधली नववी तीच आहे, ज्यांना दुखावलं त्यांच्याकडे जाऊन कबूल करायचं आणि जमेल तेवढी भरपाई. ती म्हणाली मला तेव्हाच कळलं होतं, तू ताटाकडे बघतच नव्हतास.

बेकर_गल्ली
थोडं मूळ होम्सबद्दल, कारण हे व्यसन सिरियलवाल्यांनी उगाच घुसवलंय असं बऱ्याच जणांना वाटतं. १८९० च्या 'साइन ऑफ फोर' कादंबरीची सुरुवातच तो बाही वर करून कोकेनचं इंजेक्शन घेतोय अशी आहे, ७ टक्क्यांचं द्रावण. कायद्याने गुन्हा नव्हता तेव्हा तो लंडनमध्ये, वॉटसन मात्र डॉक्टर म्हणून अस्वस्थ. आणि १९०४ च्या 'मिसिंग थ्री क्वार्टर' या गोष्टीत तोच वॉटसन सांगतो की मी हळूहळू त्याची सवय सोडवली, पण तो राक्षस मेला नाहीये, नुसता झोपलाय, आणि झोप फार सावध आहे. १२० वर्षांपूर्वी होम्सच्या लेखकाने, डॉइलने लिहिलंय हे! मिटिंगमध्ये बसलेला माणूस आजही हेच सांगेल. मला ही सिरियल म्हणून आवडते, होम्सचं व्यसन नुसतं चवीपुरतं नाहीये, सातही सीझन ते त्याच्यासोबत आहे. शिवाय शेरलॉकचं पाळलेलं क्लाइड कासव.

चिमणी_दुपारची
क्लाइड!!! त्याच्यासाठी मी अख्खा सीझन परत बघू शकते. आणि गच्चीवरच्या मधमाश्या. पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात त्या माश्यांचं जे होतं ना

रानजाई
अगं थांब, मी २० व्यावरच आहे 🙏

चिमणी_दुपारची
सॉरी सॉरी. गप्प.

साडेसातची_लोकल
मला तो भाग तितका नाही पटला, रागावू नका. शेरलॉकचा बाप श्रीमंत. रिहॅब त्याचं, न्यूयॉर्कमधलं घर त्याचं, वर पोरावर लक्ष ठेवायला सर्जन राहिलेली बाई, म्हणजे वॉटसन, सहा आठवडे पगारावर. आमच्याकडे थोरल्या काकाच्या वेळेला काकूचं मंगळसूत्र तीनदा गहाण पडलं, तिसऱ्यांदा सुटलंच नाही, तिने काळी पोत घातली ती शेवटपर्यंत. ती पण चोवीस तास सोबतच होती की, खिसे तपासायची, स्टेशनवर आणायला जायची, खोटं बोलून कामावर रजा कळवायची. तिला कुठला पगार? वॉटसनचं काम आपल्याकडे घराघरात बायका करतायत आणि ते काम आहे असं पण कोणी म्हणत नाही. मला तिच्यावरचा भाग बघायचाय.

उंबरठा
लोकल, तुमच्या काकूंना माझा नमस्कार सांगा. असतील तर.

माझं लिहिते, पटकन लिहिते नाहीतर धीर होणार नाही. भिंतीवर जाहिरात असते ना, न सांगता दारू सोडवा, तिथून पावडर मागवली. सासूबाई आणि मी दोघींनी मिळून आमटीत घातली. त्या रात्री हे पिऊन आले, जेवले, आणि अर्ध्या तासात चेहरा लालभडक, छाती धडधडतेय, उलट्या थांबेनात, मग डोळेच फिरवले. रिक्षात मांडीवर डोकं घेऊन नेलं, वाटेत मला वाटत होतं मी मारलं यांना. डॉक्टर म्हणाले पावडरीत दारूबरोबर न चालणारं औषध असणार. डायसल्फिरम नावाची गोळी असते, ती डॉक्टर देतात पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून. चोरून नाही. बीपी पडून माणूस जाऊ शकतो. हे वाचले. आणि नवल म्हणजे दारू काही त्याने सुटली नाही, उलट सहा महिने माझ्या हातचं जेवले नाहीत. सुटली नंतर चार वर्षांनी, स्वतः गेले ॲडमिट व्हायला. मी पण बायकांच्या गटात जायला लागले, तिथे पहिल्यांदा कोणीतरी मला विचारलं की तू कशी आहेस.

भाजीत_मीठ
उंबरठा 🫂

रात्रपाळी
वॉर्डातून लिहितेय, चुका समजून घ्या. नर्स आहे. उंबरठाताईंचं वाचून राहवलं नाही. अजून एक चूक घरोघरी होते ती म्हणजे श्रावण पाळणं. गटारीला भरपूर आणि दुसऱ्या दिवसापासून एकदम बंद. कधीतरी घेणाऱ्याला काही होत नाही, पण जो रोज सकाळपासून घेतो त्याचा मेंदू दारूवर चालायची सवय झालेला असतो, ती एकदम काढली की हात थरथरतात, घाम, झोप नाही, मग फिट. दोन तीन दिवसांनी भास व्हायला लागतात, अंगावर किडे चालतायत म्हणतात, घरच्यांना ओळखत नाहीत. घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी लागलं आणि देवऋषाकडे नेतात, तोवर उशीर होतो. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे दरवर्षी अशा कॉट भरतात. रोजची असेल तर सोडताना डॉक्टर हवाच, तेवढे दिवस औषधं असतात, बी वनची इंजेक्शनं असतात. कुठे जायचं कळत नसेल तर १४४४६ वर फोन करा, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे.

बेल वाजली, जाते

न्यूजर्सीची_सून
इथे चर्चच्या तळघरात मिटिंग असते आमच्या 'यांची', फोल्डिंगच्या खुर्च्या आणि पाणचट कॉफी. अगदी सिरियलमध्ये दाखवतात तशीच खोली. आमच्या मंडळाच्या गणपतीत कोणालाच माहीत नाही. पार्टीला गेलो की ग्लास हातात देतात, नको म्हटलं की "अहो एक घ्या हो, वहिनी रागावणार नाहीत", आणि सगळे माझ्याकडे बघून हसतात. मी पण हसते. पाच वर्षं हसतेय. एकदा फक्त एका माणसाने काही न विचारता पन्हं आणून दिलं, त्याचं काय ते आम्ही विचारलं नाही, आमचं त्याने नाही.

सातारी_माणूस
वहिनी तो आपलाच मित्र असणार 🙂

नाव_नको
माझा भाऊ. नाही झालं त्याचं. दोन वर्षं नीट होता, नोकरी लागली होती, मुलगी बघायला जाणार होतो. सगळे मला म्हणाले मग ती दोन वर्षं फुकट गेली. दुसऱ्या सीझनमध्ये शेरलॉकचा मित्र ॲलिस्टर जातो ना ओव्हरडोसने, तो भाग मी तीनदा बघितला. शेरलॉक उत्तर शोधत राहतो आणि उत्तर नसतंच. दोन वर्षं फुकट नव्हती. त्या दोन वर्षांत आम्ही दोघं रायगड चढलो.

रानजाई
नाव_नको, तुमची कमेंट वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. रायगडाचा एखादा फोटो असला तर जपून ठेवा.

बेकर_गल्ली
नव्हतीच फुकट मित्रा.

भाजीत_मीठ
आले परत. रानजाई, ते कालनिर्णय आहे का गं अजून?

रानजाई
नाही गं. वर्ष संपलं की आई ती पानं डब्यांखाली फळीवर घालायची, तशीच गेली असणार. आत्ता दुपारी फोन केला तिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, आई, बाबांचा तो एक चौकोन रिकामा होता आठवतंय का. जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "त्या दिवशी दुधाचा पण खाडा होता. सकाळी उठून बसले तर काळा चहा दिला, तो प्यायले आणि म्हणाले, पेन कुठंय."