मदत हवी आहे: रॉकेटचा तुकडा कधी पडणार, माझं उत्तर रोज बदलतंय

मंडळी, एका जुन्या रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याचे टीएलई (कक्षेची माहिती देणाऱ्या आकड्यांच्या दोन ओळी) रोज उतरवून घेतोय आणि तो वातावरणात कधी शिरेल ते पायथनमध्ये काढायचं चाललंय, पण काल उत्तर आलं शुक्रवार दुपार आणि आज गुरुवार पहाट! सौर वादळात वरची हवा फुगते, ड्रॅग (हवेचा अडथळा) वाढतो, हे कळतं, पण तुकडा गडगडत असेल तर क्षेत्रफळ कुठलं धरायचं? मी आपलं सरासरी धरतोय, टीएलईमधला बी-स्टार (ड्रॅगचा आकडा) तर एकदा चक्क निगेटिव्ह आला. जागेचं विचारूच नका, सेकंदाला साडेसात किमी वेग म्हणजे १० मिनिटं चुकली की साडेचार हजार किमी इकडचं तिकडे. एफ१०.७ चा (सूर्य किती सक्रिय आहे ते दाखवणारा निर्देशांक) आजचा आकडा वापरू की पुढचा अंदाज? कुणी केलंय का हे?