रॉयल ओक बंदरातच बुडाली, मग लायनेसला तिच्या कबरी इतक्या कमी का?

भटकभवानी:
स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनीला जायचं चाललंय, त्यासाठी वाचत होते तर हॉय बेटावरच्या लायनेस नेव्हल सिमेट्रीचं कळलं. १४ ऑक्टोबर १९३९ ला जर्मन पाणबुडीने स्कापा फ्लोमध्ये, म्हणजे ऑर्कनीतल्या ब्रिटिश नेव्हीच्या बंदरात, घुसून रॉयल ओक ही ब्रिटिश युद्धनौका बुडवली, ८३० च्या वर माणसं गेली, पण लायनेसला त्यातल्या थोड्यांच्याच कबरी आहेत म्हणे. किनारा तर समोर होता ना? बाकीच्यांची नावं कुठे बघायची?

खारंवारं:
बाकीचे बहुतेक बोटीतच आहेत. रात्री एकच्या सुमारास टॉर्पेडो लागले, बरेच जण झोपलेले, आणि शेवटच्या हल्ल्यानंतर पंधराएक मिनिटांत बोट उलटली, खालच्या डेकवरचा माणूस वर येणार कसा! तो सांगाडा आता वॉर ग्रेव्ह आहे, तिथे डायव्हिंगला बंदी, फक्त नेव्हीचे डायव्हर दरवर्षी जाऊन झेंडा बदलतात. बोटीची घंटा कर्कवॉलच्या सेंट मॅग्नस कॅथेड्रलमध्ये आहे, ती चुकवू नका.
नावांचं म्हणाल तर ज्याचं शरीर मिळालं नाही त्याचं नाव पोर्ट्समथ, प्लिमथ किंवा चॅटमच्या स्मारकावर. बोट कुठे बुडाली ते बघत नाहीत, खलाशी कुठल्या बंदराच्या भरतीतला ते बघतात. रॉयल ओकचे बहुतेक पोर्ट्समथला, आणि १९१७ मध्ये याच स्कापा फ्लोत स्फोटाने उडालेल्या व्हॅनगार्ड या युद्धनौकेचे बरेचसे चॅटमला.

भटकभवानी:
अहो पण मग बोट ऑर्कनीत आणि नाव पार इंग्लंडच्या दक्षिण टोकाला?

खारंवारं:
हो, कारण बऱ्याच जणांची घरची माणसं त्या बंदरांच्या आसपासच राहायची. मला तरी हे बरोबर वाटतं. शिवाय त्या तिन्ही स्मारकांचे स्तंभ समुद्रातून येणाऱ्या बोटींना खूण म्हणून दिसतील असे उंच बांधलेत.

जुना_नकाशा:
यात एक गंमत, म्हणजे गंमत कसली म्हणा. १९१६ ला हॅम्पशायर ही ब्रिटिश युद्धनौका ऑर्कनीजवळ सुरुंगावर आदळून बुडाली त्यात ब्रिटनचा युद्धमंत्री लॉर्ड किचनर गेला, पण तो आर्मीचा, म्हणून त्याचं नाव साउदम्पटनच्या हॉलीब्रुक स्मारकावर आणि खलाशांची नावं नेव्हीच्या स्मारकांवर. ऑर्कनीतल्या मारविक हेडच्या कड्यावर किचनरचा स्मारक-टॉवर १९२६ पासून आहे, सगळ्यांच्या नावांची भिंत मात्र २०१६ मध्ये झाली! नव्वद वर्षं!!
लायनेसला हॅम्पशायरच्या कबरी बऱ्याच आहेत, नाव न कळलेल्यांच्याही, आणि जर्मन खलाशीही तिथेच पुरलेत. तिथे जायची फेरी ऑर्कनीच्या मुख्य बेटावरच्या हाउटनहून मिळते, गाडी नेणार असाल तर आधी बुक करा.