एस्टीमचं बॉनेट उघडल्यावर: वायरिंग किती लपवावी?

सातपूरची_एस्टीम
नमस्कार मंडळी. गाडी २००१ ची मारुती एस्टीम, एमएच १५ म्हणजे नाशिकची, चंदेरी रंग. वडिलांनी नवी घेतलेली, आता माझ्याकडे आहे. क्रँकचं ऑइल सील गळत होतं आणि क्लचप्लेटही संपली होती, म्हणून गेल्या आठवड्यात इंजिन उतरवलं. आता ते अंबडच्या शेडमध्ये स्टँडवर आहे आणि बॉनेटखाली सगळं मोकळं. त्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि ठरवलं, हे एकदा मनापासून करायचं. गाड्यांच्या मेळाव्यात बॉनेट उघडलं की लोकांनी थांबून बघावं असं.

यादी अशी: फायरवॉलची (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) जास्तीची भोकं पत्रा लावून बंद करायची, वायरिंग फेंडरच्या आतून न्यायची, बॅटरी डिकीत, कूलंटची बाटली काढायची, एअर फिल्टरचा डबा काढून उघडा, शंकूसारखा कोन फिल्टर, टायमिंग बेल्टचं कव्हर काढून पुली पॉलिश, आणि टॅपेट कव्हरला (इंजिनचं वरचं झाकण) लाल पावडर कोटिंग.

पण ही गाडी ट्रेलरवरून फिरणारी नाही. दर शनिवारी आईला त्र्यंबकला नेतो. महिन्यातून एकदा ठाण्याला बहिणीकडे, आणि परतताना कसारा चढावाच लागतो. पेंटर सोमवारी प्रायमर मारणार. एकदा भोकं बुजली की बुजली. यातलं काय करू, काय सोडू? मला दोन्ही हवंय, देखणेपणही आणि भरवसाही.

जुना_वायरमन
मित्रा, तीस वर्षं गाड्यांची वायरिंग केली, म्हणून वायरिंगपुरतं सविस्तर लिहितो.

फेंडरच्या आत लूम (वायरींचा जुडगा) नेलेली एक गाडी माझ्याकडे पावसाळ्यात आली होती. चालता चालता बंद पडायची, दहा मिनिटांनी आपोआप सुरू. दोन दिवस शोधलं. शेवटी चाक काढलं, आतलं प्लास्टिक काढलं, तेव्हा दिसलं: पत्र्याच्या भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर घासू नये म्हणून बसवायची कडी, नव्हतंच. त्या धारेवर घासून एका वायरचं तांबं दोन मिलिमीटर उघडं पडलेलं आणि त्यावर हिरवं चढलेलं. शेजारीच उंदरानं चिंध्यांचं घर केलेलं. वायर बदलायला पाच मिनिटं लागली, ती सापडायला दोन दिवस. लूम बॉनेटखाली असती तर टॉर्च मारल्या मारल्या दिसलं असतं.

म्हणून लूम फेंडरच्या आत नेऊ नकोस. फायरवॉलच्या वरच्या कडेला आणि चासीच्या कडेखाली काळ्या कापडी टेपमध्ये घट्ट बांधून ने, दर वीतभर अंतरावर क्लिप. उभ्या माणसाला दिसत नाही, वाकलं की दिसते. भोक तिथे ग्रोमेट, यात सूट नाही.

बॅटरी डिकीत न्यायची तर हिशोब बघ. पाच मीटर केबल लागेल. स्टार्टर दीडशे अँपिअर ओढतो असं धर. १६ स्क्वेअर मिलिमीटरची केबल टाकलीस तर एकट्या केबलमध्ये ०.८ व्होल्ट जातात. ३५ ची टाकलीस तर ०.४ च्या आत राहतात. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलला लागूनच हवा, कारण ती केबल पूर्ण गाडीखालून जाते आणि कुठे घासली तर ठिणगी नाही, जाळच होतो. शिवाय साधी पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिला बंद डिकीत जागा नाही. माझं ऐकशील तर लहान सीलबंद बॅटरी घे, जागेवरच ठेव आणि तिच्यासाठी सुबक पट्टी बनवून घे.

आणि पावडर कोटिंगवाल्याला आधी सांग: बोल्टच्या आट्या आणि अर्थिंगच्या जागा टेप लावून झाकायच्या. कोटिंग म्हणजे इन्सुलेशनच. त्यावर अर्थचा बोल्ट कसला तर सेन्सर खोटं बोलायला लागतात आणि माणूस ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलत बसतो.

पंचवटी_जीप
वायरिंगचं काकांनी सांगितलंच आहे. मी गरम होण्याचं सांगते, कारण मी ते भोगलंय. माझी महिंद्राची एमएम ५४० जीप. दिखाऊपणासाठी रेडिएटरमागचं पंख्याभोवतीचं कडं काढलं होतं, पॉलिश केलेला पंखा दिसावा म्हणून. नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढताना पुढे बस, मागे बस, दुसरा गिअर. अर्ध्यात काटा लालमध्ये. गाडी वेगात असते तेव्हा वारा आपोआप मिळतो; घाटात पंख्यानंच हवा रेडिएटरमधून ओढायची असते. कडं नसलं की तो आजूबाजूचीच गरम हवा घुसळतो. घरी येऊन आधी ते परत लावलं. तुमच्या एस्टीमला इलेक्ट्रिक पंखा आहे, त्याचं कडं हलवू नका.

कूलंटची बाटली तर काढूच नका. रेडिएटरच्या कॅपवर ०.९ असं काही लिहिलेलं असतं, तो दाब. तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११५ अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. तापल्यावर फुगलेलं कूलंट बाटलीत जातं आणि गार होताना परत ओढलं जातं. बाटली नसेल तर ते रस्त्यावर जातं आणि परत येताना हवा येते. दोन-चार फेऱ्यांत रेडिएटर वरून रिकामा. दिसायला नको असेल तर हेडलाइटमागे ॲल्युमिनियमची अरुंद बाटली बनवून घ्या, पण बाजूला पारदर्शक नळी हवी, पातळी दिसायला.

कोन फिल्टरबद्दल एकच. टॅपेट कव्हरवरची वाफेची नळी फिल्टरच्या पाइपला जोडलेली असते. डबा काढला की ती मोकळी राहते, आणि तेलाची बारीक वाफ तुमच्या त्याच लाल कव्हरवर बसते. वर अंबडची धूळ. महिन्याभरात चिकट थर. शिवाय कोन बॉनेटखालची तापलेली हवाच ओढणार. मूळ डबाच घासून, काळा मॅट रंग मारून लावला तर खूप छान दिसतो, मी पाहिलाय.

टायमिंग बेल्टचं कव्हर काढू नका. एक खडा आत गेला, बेल्टनं दात सोडला की गाडी जागेवर उभी. आई सोबत असताना तर नकोच.

कॉलेजरोड_८५
फायरवॉल बुजवण्याआधी चासी नंबर कुठे पंच आहे ते बघून ठेवा आणि त्यावर पुट्टी किंवा जाड रंग येऊ देऊ नका. २००१ ची गाडी म्हणजे १५ वर्षं होऊन गेली, दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. तिथे पेन्सिलनं नंबरची छाप घेतात. अक्षरं बुजलेली असली तर संशय तुमच्यावर. आतला रंगही बाहेरचाच चंदेरी ठेवा.

सातपूरची_एस्टीम
काका, ताई, दादा, मनापासून आभार. काल सगळं वाचून शेडवर गेलो. इंजिन क्रेननं नुसतं टेकवलं, बॅटरीची रिकामी ट्रे ठेवली आणि दहाचा पाना घेऊन एकेक जागा हातानं तपासली. फिल्टरचा डबा, स्टार्टरची वायर. माझ्या नकाशातली नवी लूम स्टार्टरच्या बोल्टच्या नेमकी समोर येत होती, कागदावर ते कळलंच नव्हतं.

बुजवायची ठरवलेली अकरा भोकं होती. चार बुजवतोय. बाकी सातमधली पाच क्लिपांना लागणार आणि दोन ग्रोमेटला. बॅटरी पुढेच, सीलबंद. बेल्टचं कव्हर राहणार, पण लाल टॅपेट कव्हर मात्र करतोच, ते मला फार आवडलंय. चासी नंबरवर काल स्वतः मास्किंग टेप लावली आणि पेंटरला दाखवून आलो. कूलंटची बाटली करणाऱ्या टिनकाम मिस्त्रीला हेडलाइटमागचं माप दिलंय, नळी कोणत्या बाजूला ते आज संध्याकाळी ठरेल. ताई, तुम्ही पाहिलेल्या त्या काळ्या मॅट डब्याला कोणता रंग वापरला होता? उष्णतेत सुटत नाही ना?

पंचवटी_जीप
सायलेन्सरला मारतात तो उष्णता सोसणारा स्प्रे. आधी दोनशेच्या कागदानं घासा, तीन पातळ हात, मध्ये पंधरा-पंधरा मिनिटं. डब्याच्या झाकणाच्या क्लिपा काढून ठेवा, नाहीतर रंगानं जाम होतात.